वनहक्काच्या दाव्यात ग्रामसभेला साथ कशी द्यावी: नव्या कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शक

गडचिरोलीचा टोला, पालघर-नंदुरबारचा पाडा, यवतमाळचा कोलामांचा पोड किंवा रायगडची कातकरी वाडी, यांपैकी कुठेही जमिनीच्या आणि जंगलाच्या हक्कासाठी गावाला मदत करावी असे ज्यांना मनापासून वाटते, पण सुरुवात कुठून करावी हे कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ‘अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६’ म्हणजे आपण ज्याला वनहक्क कायदा म्हणतो, तो येथे केंद्रस्थानी ठेवला आहे. या कायद्याच्या उद्देशिकेनेच वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले आहे. तो नव्याने जमीन वाटत नाही, तर पिढ्यान्‌पिढ्या असलेले आणि कधीच कागदावर न आलेले हक्क मान्य करतो. त्यामुळे दावेदार हा सरकारी योजनेचा लाभार्थी नसतो आणि मदत करणाऱ्यानेही त्याच्याकडे त्या नजरेने पाहू नये.

गावात जाण्याआधी

कायदा मुळातून वाचावा. तो लहान आहे आणि एका दिवसात वाचून होतो. १ जानेवारी २००८ चे नियम आणि ६ सप्टेंबर २०१२ ची नियमांतील दुरुस्ती त्यासोबत वाचावी, कारण दुरुस्तीआधीच्या नियमांच्या प्रती आजही कार्यालयांत आणि गावांत फिरत असतात. त्यांतील गणपूर्तीची (सभेला लागणाऱ्या किमान हजेरीची) आणि वनहक्क समितीच्या रचनेची तरतूद आता लागू नाही. जुन्या नियमांवर बेतलेला ठराव पुढे तांत्रिक कारणाने परत येऊ शकतो.

काही गोष्टी तोंडपाठ असाव्यात. वैयक्तिक दाव्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा लागतो आणि प्रत्यक्ष ताब्याइतकीच, पण जास्तीत जास्त ४ हेक्टर जमीन मान्य होते. अनुसूचित जमातीबाहेरच्या पारंपरिक वननिवासींना त्या तारखेपूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. मान्य झालेला हक्क वारसाने मिळतो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. विवाहित दावेदाराच्या बाबतीत अधिकारपत्र पती आणि पत्नी अशा दोघांच्या नावे निघते. ही शेवटची तरतूद गावात पहिल्याच बैठकीत सांगावी. दाव्याच्या अर्जावर पत्नीचे नाव आणि सही नंतर घेऊ म्हटले की ते राहून जाते, असा अनुभव आहे.

महाराष्ट्रात १३ जिल्ह्यांत संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालचे, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेले, अनुसूचित क्षेत्र आहे. तेथे १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा पंचायत कायदा, आणि राज्याचे २०१४ चे पेसा नियमही लागू होतात. तुम्ही ज्या गावात जाणार आहात ते या क्षेत्रात येते का, हे आधीच पाहून घ्यावे, कारण पुढच्या पायरीत त्याचा थेट संबंध येतो.

ग्रामसभा नेमकी कोणाची

नवखा कार्यकर्ता बहुधा ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेला जातो. अनेक गावे आणि पाडे मिळून एक ग्रामपंचायत असते आणि तिची सभा मुख्य गावात भरते. दूरच्या पाड्यावरची माणसे तेथे पोहोचत नाहीत, आणि पोहोचली तरी बोलत नाहीत. वनहक्क कायद्यातील ग्रामसभा मात्र गावाची असते, आणि अनुसूचित क्षेत्रात पेसाच्या व्याख्येनुसार स्वतःचे व्यवहार परंपरेने चालवणारी एखादी वस्ती किंवा पाडाही गाव ठरू शकतो. म्हणून जंगल जो पाडा वापरतो त्याच पाड्याची ग्रामसभा भरावी, हा आग्रह पहिल्या दिवसापासून धरावा.

सभेत गावाची भाषा चालावी. माडिया, गोंडी, कोलामी, कोरकू, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या गावात मराठीतून कलमे वाचून दाखवण्यात अर्थ नाही. गावातीलच दोन-तीन तरुणांना आधी कायदा नीट समजावून द्यावा आणि सभेत त्यांनी बोलावे. आपण मागे बसावे.

बाहेरच्या माणसाची जागा कोणती, या प्रश्नाचे उत्तर गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने फार पूर्वीच दिले आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाची. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातील जाणते लोक आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरून आलेले सहकारी यांनी तेथे अभ्यासगटाची पद्धत रुजवली. अभ्यासगटात बाहेरचा माणूस माहिती देऊ शकतो, वाद घालू शकतो, शंका काढू शकतो. निर्णय मात्र ग्रामसभाच घेते, आणि तोही सर्वसहमतीने. माझ्या मते नव्या कार्यकर्त्याने या कामातून एकच गोष्ट शिकायची ठरवली, तर ती ही शिकावी. ज्या गावाचा दावा एखाद्या संस्थेने परस्पर भरला, त्या गावाला तो दावा पुढे वनखात्यासमोर किंवा समितीसमोर आपला म्हणून मांडता येत नाही.

वनहक्क समिती आणि गणपूर्ती

ग्रामसभा आपल्यातून १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते. तिच्यात किमान दोन-तृतीयांश सदस्य अनुसूचित जमातीचे आणि किमान एक-तृतीयांश महिला असाव्या लागतात. या निवडीच्या सभेला गावातील किमान निम्मे सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश महिला हव्यात, आणि पुढे दाव्यांवर ठराव करायचा असेल त्या दिवशी दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकीही किमान निम्मे उपस्थित हवेत. मतदारयादी समोर ठेवून हजेरी मोजावी आणि मोजलेला आकडा इतिवृत्तात लिहावा. समिती २००८-०९ मध्ये कागदावर स्थापन झाली असेल आणि तिचे सदस्य कोण हे गावालाच ठाऊक नसेल, तर ती नव्याने निवडून तसे उपविभागीय समितीला (प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दावे तपासणाऱ्या समितीला) लेखी कळवावे.

तीन वह्या पहिल्याच दिवशी घालून द्याव्यात: ग्रामसभेचे इतिवृत्त, दाव्यांची नोंदवही आणि आवक-जावक. प्रत्येक दाव्याची लेखी पोच दावेदाराला द्यायची आहे. वह्या गावात राहतील, कार्यकर्त्याच्या पिशवीत किंवा संस्थेच्या कपाटात जाणार नाहीत, हेही त्याच सभेत ठरवावे. दाव्यांचे नमुने मोफत देणे आणि जंगलाचे व महसुलाचे नकाशे व मतदारयादी ग्रामसभेला पुरवणे हे उपविभागीय समितीचे कर्तव्य आहे, म्हणून त्यांची मागणी प्रांताधिकाऱ्यांकडे लेखी करावी आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.

आधी सामूहिक, मग वैयक्तिक

दावे तीन प्रकारच्या नमुन्यांत भरतात. नमुना ‘अ’ वैयक्तिक शेतीच्या आणि घराच्या जमिनीसाठी आहे. नमुना ‘ब’ निस्तार (घरगुती गरजेसाठी जंगलातून सरपण वगैरे घेणे), चराई, मासेमारी, गौण वनोपज (मोह, तेंदू, बांबू असे जंगलातले उत्पन्न) यांसारख्या सामूहिक हक्कांसाठी, आणि नमुना ‘क’ संपूर्ण पारंपरिक हद्दीतील जंगलाचे संरक्षण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याच्या हक्कासाठी, म्हणजे सामूहिक वनसंपत्तीसाठी आहे. तीनही भरता येतात आणि एक भरला म्हणून दुसरा नाकारला जात नाही.

बहुतेक गावांत लोक वैयक्तिक दाव्यापासून सुरुवात करतात आणि ते स्वाभाविक आहे. रायगडमध्ये दळी जमीन (पूर्वी कसण्यासाठी दिलेली डोंगरावरची वनजमीन) कसणारा किंवा ठाणे-पालघरमध्ये एकसाली (एकेका वर्षासाठी दिलेल्या) प्लॉटवर नागली पिकवणारा माणूस दर पावसाळ्यात पीक उपटले जाण्याच्या धास्तीत राहिलेला असतो. तरीही गावाची तयारी असेल तर ‘ब’ आणि ‘क’ हे नमुने आधी घ्यावेत, असे मला ठामपणे वाटते. त्याचे कारण व्यवहारातले आहे. सामूहिक दाव्यासाठी सारे गाव हद्दीवरून फिरते, भूमिहीन कुटुंबही त्यात येते, वैयक्तिक प्लॉटांवरून होणारी भांडणे गाव एकत्र असतानाच समोर येऊन मिटतात, आणि पुढे मोह, तेंदू, बांबूचे उत्पन्न ग्रामसभेच्या हाती येण्याचा रस्ता याच दाव्यातून जातो. एकेका कुटुंबाचे दोन-चार एकर मान्य झाल्यावर गाव पुन्हा एकत्र बसवणे फार कठीण जाते. माडिया गोंड, कोलाम आणि कातकरी या राज्यातील विशेष असुरक्षित आदिम गटांसाठी अधिवासाच्या हक्काची वेगळी तरतूदही आहे. तिचा विचार एका गावापुरता न करता त्या समाजाच्या पारंपरिक इलाख्याच्या पातळीवर, त्यांच्या पारंपरिक पंचांसोबत बसून करावा लागतो.

हद्द फिरणे आणि नकाशा

या कामाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. पारंपरिक हद्द महसुली गावाच्या हद्दीशी जुळतेच असे नाही. ती नाला, डोंगराची धार, जुनी पायवाट, देवाचे ठिकाण, मोठे झाड अशा खुणांनी ओळखली जाते, आणि त्या खुणा वयस्कर माणसांना, गुराख्यांना व कंदमुळे, पाने, सरपण गोळा करणाऱ्या बायांना सर्वाधिक माहीत असतात. पुरुषांनी सांगितलेली हद्द आणि बायांनी दाखवलेल्या वापराच्या जागा दोन्ही नकाशावर याव्यात. बायांचा गट वेगळा फिरला तर पाणवठे, भाजीपाल्याच्या आणि औषधी वनस्पतींच्या जागा नोंदवल्या जातात. पुरुषांच्या फेरीत त्या हमखास निसटतात.

आधी जमिनीवर, राखेने किंवा खडूने, गावाचा नकाशा सर्वांनी मिळून काढावा. मग कागदावर उतरवावा. त्यानंतर मोबाइलमधील जीपीएस घेऊन हद्द फिरावी आणि प्रत्येक खुणेपाशी नाव, आकडे व छायाचित्र नोंदवावे. शेवटी वनखात्याच्या नकाशावर जंगलाचे जे क्रमांक दिलेले भाग, म्हणजे कक्ष, असतात त्यांच्याशी ही हद्द जुळवून कोणत्या कक्षाचा किती भाग आत येतो ते लिहावे. कक्ष क्रमांक लिहिले नाहीत, तर पुढे अधिकारपत्रात क्षेत्र कमी धरले गेले तरी ते सिद्ध करणे जड जाते. राखीव जंगल, संरक्षित जंगल, अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान यांपैकी काहीही असले तरी ते सामूहिक वनसंपत्तीच्या व्याख्येत येते, म्हणून ‘अभयारण्य आहे, दावा होत नाही’ हे उत्तर स्वीकारू नये.

शेजारच्या गावांना हद्दफेरीचा निरोप आधी पाठवावा आणि त्यांची जाणती माणसे सोबत घ्यावीत. दोन गावे एकच जंगल वापरत असतील तर तसे स्पष्ट लिहून दोन्ही ग्रामसभांनी ठराव करावा, कारण सामाईक वापर कायद्याला मान्य आहे. वाद राहिलाच तर दोन्ही वनहक्क समित्या एकत्र बसून वापराचे स्वरूप तपासतात आणि आपापल्या ग्रामसभेला कळवतात. तरीही सुटला नाही तरच तो उपविभागीय समितीकडे जातो. गावागावांत फूट पडण्याचा धोका येथेच सर्वांत मोठा असतो आणि बाहेरच्या कार्यकर्त्याने कोणत्याही एका गावाची बाजू घेऊ नये.

पुरावे

नियम १३ मध्ये पुराव्यांची लांब यादी आहे आणि त्यांपैकी एकाहून अधिक पुरावे जोडायचे असतात. अमुकच कागद आणा, असा आग्रह समित्यांना धरता येत नाही. उपग्रह छायाचित्र इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येते, पण त्यांच्या जागी केवळ तेच धरून दावा नाकारता येत नाही. हे दोन मुद्दे लिहून जवळ ठेवावेत, कारण नामंजुरीची बरीच पत्रे नेमकी यांच्याच विरुद्ध असतात.

वैयक्तिक दाव्यासाठी अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या, वनगुन्ह्याची प्रकरणे, न्यायालयाचे कागद, जुने पट्टे, घरपट्टीची पावती, मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका हे सारे चालते. ज्या पावतीने एकेकाळी माणसाला अतिक्रमणदार ठरवले तीच पावती आज त्याच्या ताब्याची तारीख सांगते, म्हणून ती घरात कुठे कोंबून ठेवलेली असेल तर शोधून काढावी आणि तिची छायाप्रत काढून मूळ कागद दावेदारालाच परत द्यावा. कागद मुळीच नसेल तरी दावा अडत नाही. घातलेले बांध, सपाट केलेली जमीन, विहीर, घराचा जोता, दफनभूमी, लावलेली झाडे या जमिनीवरच्या खुणा पुरावा ठरतात, तसेच दावेदाराव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्याचे लिहून घेतलेले कथनही. कथन घेताना बोलणाऱ्याच्या भाषेतच उतरवावे, त्याला वाचून दाखवावे आणि मगच सही किंवा अंगठा घ्यावा. तारखा सांगता येत नसतील तर मोठा दुष्काळ, धरणाचे काम, रस्ता झाला ते साल अशा घटनांवरून काळ बांधता येतो.

सामूहिक दाव्यासाठी विदर्भात निस्तारपत्रक (गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या रूढी-वहिवाटींची नोंद) हे जुने अभिलेख अतिशय मोलाचे आहेत. ते तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयांत मिळतात. वनखात्याच्या कार्य आयोजना (जंगलाच्या व्यवस्थापनाचे आराखडे), जुने गॅझेटियर, जमीनदारी आणि संस्थानांच्या काळातील नोंदी, देवराया, चराईची कुरणे, मासेमारीचे डोह यांच्या नोंदीही उपयोगी पडतात. कार्यालय कागद देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये असते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही, आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे.

पडताळणी, ठराव आणि दाखल करणे

वनहक्क समिती जागेवर जाऊन पडताळणी करते. तिची तारीख वनखाते आणि महसूल खाते या दोघांना लेखी कळवावी आणि पोच घ्यावी. ही पोच दिसायला लहान, पण परिणामाने फार मोठी आहे. सूचना मिळूनही अधिकारी आले नाहीत आणि पुढे त्याच कारणाने त्यांनी आक्षेप घेतला, तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे येतो, आणि दुसऱ्यांदाही ते गैरहजर राहिले तर ग्रामसभेचा पडताळणीचा निर्णय अंतिम धरला जातो. आलेल्या अधिकाऱ्यांनी पंचनाम्यावर हुद्दा, तारीख आणि काही म्हणणे असल्यास ते लिहून सही करायची असते. आक्षेप तोंडी ठेवू देऊ नयेत.

मग ग्रामसभेत प्रत्येक दावा वाचून ठराव व्हावा. दाव्यांच्या संपूर्ण संचाची एक प्रत गावात ठेवूनच मूळ संच प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील उपविभागीय समितीकडे द्यावा. तेथून तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीकडे जातो.

दावा अडला किंवा नाकारला तर

नुसते ‘नामंजूर’ असे कळवणे नियमाला धरून नाही. कारणे सविस्तर हवीत आणि ती दावेदाराला व्यक्तिशः कळवलेली हवीत. कागद अपुरे असतील तर समितीने दावा फेटाळण्याऐवजी शेरा मारून ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो. निर्णय मिळाल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे अर्ज करता येतो आणि म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय तो निकालात काढता येत नाही. म्हणून पत्र ज्या दिवशी हाती आले ती तारीख पत्रावरच लिहून ठेवण्याची सवय गावाला लावावी. अनुसूचित क्षेत्रात जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्धही दाद मागता येते, कारण मे २०२० मध्ये राज्यपालांनी अधिसूचना काढून विभागीय स्तरावरची समिती नेमली.

दाव्याची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत वननिवासींना ताब्यातील वनजमिनीवरून हटवता येत नाही, असे कलम ४(५) सांगते. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे नाकारलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला स्वतःच त्याला स्थगिती दिली. त्या पंधरवड्यात देशभरच्या आदिवासी वस्त्यांत जी भीती पसरली ती आजही पुरती गेलेली नाही, आणि कोणी त्या पहिल्या आदेशाचा हवाला देऊन जमीन सोडायला सांगितले तर गावाने स्थगितीची प्रत पुढे करावी. बळजबरीने पीक मोडणे किंवा ताबा काढून घेणे हा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, कारण त्यातील दुरुस्तीने वनहक्कांच्या उपभोगात अडथळा आणणे हे अत्याचाराच्या व्याख्येत आले आहे. अशा प्रसंगी तक्रार ग्रामसभेच्या ठरावासह द्यावी. एकट्या कुटुंबाला पोलीस ठाण्यात पाठवू नये.

अधिकारपत्र हाती आल्यावर

अधिकारपत्र मिळाले की सत्कार होतो, छायाचित्र निघते आणि कार्यकर्ता पुढच्या गावाला जातो. याच टप्प्यावर थांबण्याची खरी गरज असते. अधिकारपत्रातील क्षेत्र, कक्ष क्रमांक, चतुःसीमा आणि हक्कांची यादी मूळ दाव्याशी ओळ न्‌ ओळ ताडून पाहावी. क्षेत्र कमी केलेले असेल, कायद्यात नसलेल्या अटी घातलेल्या असतील किंवा अधिकारपत्र ग्रामसभेऐवजी भलत्याच समितीच्या नावे काढलेले असेल, तर लगेच लेखी हरकत घ्यावी. अंतिम नकाशा आणि हक्कांची नोंद शासकीय अभिलेखांत जास्तीत जास्त तीन महिन्यांत व्हायला हवी, तिचा पाठपुरावा तलाठी आणि भूमी अभिलेख कार्यालयात करावा.

मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्याने बांबूला स्पष्टपणे गौण वनोपजात धरले असूनही वनखाते वाहतुकीचा परवाना द्यायला तयार नव्हते. तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देईपर्यंत एप्रिल २०११ उजाडला. मधल्या काळात गाव दबून राहिले नाही, कारण हद्द, नियम आणि हिशेब या तिन्ही गोष्टी त्यांच्याजवळ तयार होत्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गौण वनोपजाच्या वाहतुकीचे परवाने देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडेच आले आहे.

तेव्हा नियम ४(१) खालची संरक्षण व व्यवस्थापन समिती निवडणे, ग्रामसभेचे स्वतंत्र बँक खाते उघडणे, तोडीचे व गस्तीचे नियम ठरवणे, तेंदू-बांबूच्या लिलावाची जाहिरात काढणे आणि व्यापाऱ्याशी लेखी करार करणे, या प्रत्येक कामात किमान दोन हंगाम ग्रामसभेसोबत राहावे. जमाखर्चाचे भरसभेत वाचन व्हावे. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने बांबूच्या कामातून गावातच रोजगार उभा केला आणि तेंदूपाने तोडायची नाहीत असे ठरवले, कारण त्यासाठी झाडांची छाटणी करावी लागते व आगी लावल्या जातात. उत्पन्न सोडण्याचा हा निर्णय गावाने स्वतः घेतलेला आहे. अशा निर्णयापूर्वी आकडेवारी मांडणे आणि निर्णयानंतर त्याचा मान राखणे, एवढेच बाहेरच्याचे काम.

खाण, धरण किंवा रस्त्यासाठी जंगल मागितले गेले, तर मान्य झालेला सामूहिक हक्क हाच गावाचा सर्वांत भक्कम आधार ठरतो. ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांनी निर्णय घ्यावा असे सांगितले आणि त्यानंतर भरलेल्या बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. डोंगरिया कोंध लोकांनी तेथे आपल्या डोंगराशी असलेले नाते सभेत बोलून नोंदवले होते. आपल्या गावातही देवस्थाने, पूर्वजांच्या जागा आणि जंगलाचा रोजचा वापर ग्रामसभेच्या इतिवृत्तात आधीपासून लिहिलेला असावा, आणि संमतीच्या ठरावाचा मसुदा कोणी तयार करून आणला तर त्या दिवशी सही न करता तो गावाच्या भाषेत वाचून, चर्चेसाठी पुढची सभा लावावी.